रुमालाखालचा सौदा

जयपूरला जाऊन आलो म्हटलं की कऱ्हाडात लोक आधी हवामहालाचं विचारतात. हवामहाल मी पाहिला. रस्त्याच्या पलीकडून, उभ्या उभ्या, हातात कांद्याची कचोरी धरून पाहिला, आणि खरं सांगायचं तर जास्त लक्ष कचोरीकडेच होतं. आमेरचा किल्ला राहिला. जंतरमंतरच्या दारापर्यंत गेलो आणि रांग बघून मागे फिरलो. तेव्हा ज्यांना किल्ले आणि महाल हवे असतील त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वर्णन वाचावं. मी जे जयपूर पाहिलं ते एका भाचीच्या मागे मागे फिरताना पाहिलं.

मी जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं. आता ते मुलगा बघतो आणि मी काउंटरच्या आत येऊ नये एवढीच त्याची माझ्याकडून अपेक्षा आहे. मुक्ता ही माझ्या धाकट्या बहिणीची, शैलाची मुलगी. मुक्ता बारावीत असताना शैलाच्या मेंदूत गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं, गाठ काढली, सगळ्यांनी देवाला नारळ फोडले, आणि वर्षाच्या आत गाठ परत आली. शैला गेली. मुक्ता शिकत गेली, शिकत गेली, आणि आता जयपुरात त्याच गाठीवर संशोधन करते. तिने लग्न करावं असं माझ्या बायकोचं मत आहे आणि तिने वेळेवर जेवावं असं माझं. दोन्ही मतांचा तिच्यावर आजवर काही परिणाम झालेला नाही.

जवाहर नगर

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. आपल्याकडे संक्रांत तिळगुळाची आणि हळदीकुंकवाची. इथे ती पतंगांची. मी पोचलो तेव्हा विजेच्या तारा, झाडं, पाण्याच्या टाक्या सगळीकडे फाटके पतंग लटकत होते आणि कुणाला ते काढायची घाई नव्हती. थंडी मात्र अशी, की कऱ्हाडच्या माणसाने थंडी हा शब्द आजवर उगाच वापरला असं वाटावं. मुक्ताने मला जयपुरी रजई दिली. हातात घेतली तर कापसाचं वजनच लागेना, म्हणून मी मनात म्हटलं, ही काय थंडी अडवणार. सकाळी तिच्यातून मला बाहेर काढायला मुक्ताला दोनदा हाका माराव्या लागल्या.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. जवाहर नगरात सगळे सेक्टर सारखे, सगळ्या घरांची फाटकं सारखी. माकडटोपी घालून फिरून आलो आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून पेपर उघडला. आतून एक गृहस्थ आले, मला नमस्कार केला, आत जाऊन चहा सांगितला, गजकाची, म्हणजे तिळाच्या वड्यांची, बशी माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसून थंडीबद्दल बोलायला लागले. मला वाटलं, मुक्ताचे घरमालक. चहा संपला तेव्हा त्यांनी अगदी संकोचून विचारलं की आपण कोणाकडे आलात. घर चुकलं होतं, एवढंच काय, सेक्टरही चुकला होता. आपल्याकडे आधी "कोण पाहिजे?" विचारतात आणि उत्तर पटलं तर चहाचं बघतात. इथला क्रम उलटा आहे, आणि मला तो आवडला.

संध्याकाळी मुक्ताने फेणी आणली. शेवयांहून बारीक तारांची ही मिठाई गरम दुधात भिजवून खातात. ती खाता खाता मी तिला म्हटलं, तू नेमकं काय करतेस ते एकदा मला समजेल असं सांग. गल्लीत लोक विचारतात आणि मी "मेंदूचं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेतो.

ती म्हणाली, मामा, हरळी आठवते ना? वरची पाती कितीही कापली तरी जमिनीत जी कांडी राहते तिला पुन्हा फुटायचं कळतं. या गाठीतही पेशी असंख्य असतात, पण सगळी गाठ नव्याने उभी करायची ताकद त्यातल्या थोड्यांतच असते, असं दिसतं. त्यांना कॅन्सरच्या मूळ पेशी म्हणतात. ऑपरेशन होतं, किरणं देतात, औषधं देतात, बाकीच्या मरतात आणि या थोड्या दबा धरून बसतात. शैलाची गाठ परत का आली, हे मला इतक्या वर्षांनी फेणी खाताना कळलं.

मग मी साहजिक तोच प्रश्न विचारला जो शैलाच्या वेळी घरातला प्रत्येकजण विचारत होता. हे आलं कुठून?

मुक्ता हसली. म्हणाली, याच प्रश्नाचा मला पगार मिळतो. मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या भिंतीच्या अस्तरात आपल्या जन्माच्याही आधीपासूनच्या काही चांगल्या मूळ पेशी राहतात. एका पक्षाचं म्हणणं असं, की त्यातलीच एखादी बिघडते, घर सोडते आणि दूर जाऊन गाठ उभी करते. दुसरा पक्ष म्हणतो, तसं नाही. चांगली वयात आलेली, कामाला लागलेली साधी पेशीच वय विसरते आणि पुन्हा मूल होते.

आमच्या गल्लीतल्या बापूने साठी उलटल्यावर केस काळे केले आणि मोटरसायकल घेतली, तसं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बापूकाकांचा अभ्यास अजून कुणी केलेला नाही. आणि कदाचित दोन्ही पक्ष खरे असतील, एका रोग्यात हे आणि दुसऱ्यात ते.

हे ठरवायचं कसं, तर गाठीचा तुकडाही हवा आणि त्याच माणसाच्या त्या भिंतीचा तुकडाही हवा. दोन्हींत एकच बिघाड सापडला, तर मूळ भिंतीत होतं असं म्हणायला जागा होते. पण निरोगी मेंदूचा तुकडा कुणी उगाच काढत नाही, काढूही नये. फार क्वचित एखाद्या रोग्याची गाठ अशा ठिकाणी असते की तिच्यापर्यंत पोचायला सर्जनला भिंतीचा कण काढावाच लागतो. असा रोगी तिला आता मिळाला होता. नेमीचंदजी, जोहरी बाजारातले जुने जवाहिरे. ऑपरेशन आठवड्यावर आलं होतं. भिंतीचा कण निघणारच होता आणि कचऱ्यात जाणारच होता. तो मिळायला हवा होता त्यांचा होकार, आणि तिथेच सगळं अडलं होतं. मुक्ता ज्याची वाट पाहत आली होती ते एका होकारावर येऊन थांबलं होतं.

चारदीवारी

नेमीचंदजींचा मुलगा पंकज दुकान सोडून येऊ शकत नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी मुक्ताच त्याला भेटायला निघाली आणि मी शेपटासारखा मागे. जुन्या शहराच्या तटाच्या आत ई-रिक्षा म्हणजे एक दिव्य आहे. ती चालते की ढकलली जाते ते आत बसलेल्याला कळत नाही. मुक्ताला एक फोन आला, तेवढ्या वेळात मी कचोरी खाल्ली, हवामहाल पाहिला आणि फुटपाथवरच्या एका फार गोड बोलणाऱ्या माणसाकडून बायकोसाठी एक पन्ना, म्हणजे आपला पाचू, घेतला. हिरवागार, बोराएवढा. घासाघीस करून भाव पाडला आणि खुशीत खिशात टाकला.

जवाहिऱ्यांची बसायची जागा म्हणजे गद्दी. जमिनीवर पांढरीशुभ्र चादर घातलेली बैठक, उत्तरेला मोठी खिडकी. रत्न पाहायला उत्तरेचा उजेड लागतो, कारण त्यात ऊन येत नाही आणि रंग खरा दिसतो. मी उजेडातच आयुष्य काढलेला माणूस, मला ती खोली बघताक्षणी आवडली. तिथे पंकज होता, तिशी-पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेलं. आणि घीसालालजी होते, नेमीचंदजींचे पोरवयापासूनचे भागीदार. घीसालालजींच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. असं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. छोटा स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात असतोच, प्रवासातही. मी चष्मा मागून घेतला, काडी बसवली आणि आमची मैत्री झाली.

त्या भरात मी माझा पन्ना काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंग हातातही घेतलं नाही. अगदी आदराने म्हणाले, "बहुत सुंदर काच है, साहब." जन्मभर काचा विकल्या आणि म्हातारपणी हौसेने काच विकत घेतली. मुक्ताला हसू आवरेना, आणि मग पंकजही हसला. मुक्ता नंतर म्हणाली की त्याला हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

पण कामाचं बोलणं निघालं तेव्हा तो गंभीर झाला. त्याने संमतीचा कागद वाचला होता आणि तो अडाणी नव्हता. त्याने विचारलं की त्या पेशी काचेच्या शीशीत वाढतात ना? किती दिवस? मुक्ताने खरं ते सांगितलं. काही मरतात, पण काही वर्षानुवर्षं वाढत राहू शकतात.

"मतलब पापा नहीं रहेंगे और उनका टुकड़ा शीशी में ज़िंदा रहेगा," पंकज म्हणाला. "हम तो अस्थियाँ भी घर में नहीं रखते, मैडम."

हे घराणं जैन. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी माणसं. त्याने पुढे विचारलं, त्यात जीव असेल की नाही? मुक्ताने हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, पेशी जिवंत असेल, पण तुमचे वडील त्यात नसतील. मला हे उत्तर पटलं. पंकजला पटलं की नाही कळलं नाही. तो एवढंच म्हणाला की वडिलांना विचारल्याशिवाय मी सही करणार नाही, आणि वडिलांना विचारता येत नाही.

ते खरंच होतं. गाठीने नेमीचंदजींची वाचा नेली होती. एक शब्द उरला होता, "अच्छा." दुखतंय का, अच्छा. दुखत नाही ना, अच्छा. चहा, अच्छा, चहा नको, अच्छा. मानही तशीच सगळ्याला हलायची. मुक्ताच्या विभागातल्या एका वरिष्ठांचं म्हणणं होतं की रोगी अच्छा म्हणतो, मुलाची सही घ्या, झालं. मुक्ता म्हणाली होती की असला अच्छा मी घेणार नाही. हा हट्ट तिने कुणाकडून उचलला ते मला ठाऊक आहे. शैला अशीच होती.

वातावरण जड झालं म्हणून मी घीसालालजींना विचारलं, इतक्या गर्दीच्या बाजारात तुम्ही भाव तरी कसा करता, शेजाऱ्याला कळत नाही का? त्यांचे डोळे चमकले. त्यांनी खांद्यावरचा मोठा रुमाल माझ्या हातावर पसरला आणि त्याखाली आपला हात घातला. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पूर्ण पंजा तर पाच. आकडा दहाचा की हजाराचा ते मालावरून दोघांना कळतं. तोंडाने एक शब्द नाही. हात काढून घेतला तर सौदा नाही. सगळा हात घट्ट दाबला तर सौदा पक्का, आणि एकदा दाबल्यावर ना मागे फिरायचं, ना कुरकुर करायची. आता हे कमी झालं, पोरं फोनवर भाव करतात, पण जुनी माणसं अजून रुमाल बाळगतात. त्यांनी आणि नेमीचंदजींनी जन्मभर हेच केलं होतं.

मी सहज विचारलं, नेमीचंदजींना हे अजून येतं का?

घीसालालजींनी रुमालाची घडी घालता घालता थांबून माझ्याकडे पाहिलं. "किसी ने पूछा ही नहीं," ते म्हणाले.

मग त्यांच्याकडेच जेवण झालं, सूर्य मावळायच्या आत. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी अशी की मी तिसऱ्यांदा वाढून घेतली. कांदा-लसूण मसाल्याची पुडी बॅगेत घेऊन फिरणाऱ्या माणसाचा हा पराभवच होता. जेवताना मुक्ताने घीसालालजींना आपला प्रश्न समजावून सांगितला, गाठ कुठे दिसते आणि मूळ कुठे असेल ते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "पन्ना जयपुर में तराशा जाता है, निकलता थोड़े ही है. खान तो समंदर पार है." मुक्ता म्हणाली, हो, मला ती खाणच बघायची आहे.

सीतापुरा

मुक्ताची संस्था आणि इस्पितळ सीतापुऱ्याकडे आहे. सकाळी तिकडे जाणाऱ्या बसमध्ये कारखान्यांत कामाला जाणारी माणसं, कॉलेजची पोरं आणि मी. ऑपरेशन करणारे डॉक्टर कांबळे आपलेच निघाले. वडील रेल्वेत, बदली होऊन भुसावळहून जयपूरला आले ते इथलेच झाले. डॉक्टरांचा जन्म इथला. मला बघून त्यांनी मोठ्या हौसेने मराठी काढली. "मामाजी, घरी आई होती तोपर्यंत रोज बोलत होतो. आता मतलब, कुणी भेटतच नाही. माझी मराठी थोडी गडबड आहे, तुम्ही हसू नका." मी हसलो नाही. गडबड मराठीत त्यांनी माझी तब्येत कशी आहे, जेवण मिळतं का, सगळं विचारलं. आमच्याकडचे शुद्ध मराठी बोलणारे डॉक्टर एवढं विचारत नाहीत.

रुमालाचं ऐकून ते विचारात पडले. म्हणाले, गाठीने भाषा जाते तेव्हा खुणाही जाऊ शकतात, तेव्हा फार आशा नको. पण जी गोष्ट हाताला जन्मभराची सवय आहे ती कधी कधी टिकते. त्यांनी अट घातली. आधी ज्यांची उत्तरं आपल्याला माहीत आहेत असे प्रश्न विचारायचे. आज विचारायचे आणि उद्या पुन्हा विचारायचे. दोन्ही दिवस उत्तरं बरोबर आली तरच पुढचं.

नेमीचंदजी खाटेवर टेकून बसले होते. गोरेपान, नाजूक हातांचे, डोक्यावर लोकरीची टोपी. मी नमस्कार केला. "अच्छा," ते म्हणाले. घीसालालजींनी खुर्ची जवळ ओढली, काही न बोलता रुमाल झटकला आणि दोघांच्या हातांवर पसरला.

नेमीचंदजींची पाठ ताठ झाली. मी ते स्वतः पाहिलं. आजारी म्हातारा खाटेवर होता तो कुठे गेला कोण जाणे, तिथे एक व्यापारी बसला होता.

घीसालालजींनी विचारलं, "थारो नाम घीसालाल है?" म्हणजे तुझं नाव घीसालाल? हात झटक्याने बाहेर आला. पंकज तुझा मोठा भाऊ आहे? हात बाहेर. संक्रांत झाली? हात आतच राहिला, आणि घीसालालजी म्हणाले, दाबला. पंकज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. कित्येक आठवडे त्याचे वडील सगळ्याला अच्छा म्हणत होते आणि आज ते नाही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः प्रश्न उलटेसुलटे करून दिले. एकही उत्तर चुकलं नाही. मग खरे प्रश्न. ऑपरेशन करायचं? घीसालालजी थांबले, वाट पाहत राहिले आणि म्हणाले, दाबला. गाठीचा तुकडा या मुलीला द्यायचा, शिकायला? लगेच दाबला. त्यावर पंकज पुढे आला. त्याने वडिलांना सगळं सांगितलं, शीशी, वाढणाऱ्या पेशी, आपल्यानंतरही राहतील ते सगळं. काही लपवलं नाही. पुन्हा दाबला. "ठीक है पापा," पंकज म्हणाला.

मुक्ता खाटेच्या पायथ्याशी उभी होती. आता तिचा प्रश्न. तिने हळू, सोप्या हिंदीत समजावलं. गाठीपर्यंत जाताना चांगल्या भागाचा एक कण काढावाच लागणार आहे. तो फेकूनच देणार. तो मला मिळेल का?

हात बाहेर आला.

समजलं नसेल म्हणून घीसालालजींनी पुन्हा विचारलं. हात पुन्हा बाहेर. पंकज म्हणाला, पापा, तो तसाही कचऱ्यात जाणार आहे. नेमीचंदजींनी मुक्ताकडे सरळ पाहिलं आणि हात रजईखाली घेतला.

घीसालालजी ओशाळले. म्हणाले, "खोटो माल ले जाओ, चोखो माल कोनी देवै." खोटा माल न्या, चांगला माल तो देत नाही. मुक्ता वाकली, तिने नेमीचंदजींना हात जोडले आणि म्हणाली, "जी. जैसा आपने कहा."

बाहेर येऊन मी तिला चहा पाजला. ती नेहमीपेक्षा जास्त बोलत होती, बसबद्दल, माझ्या टोपीबद्दल. शैलालाही वाईट वाटलं की ती अशीच बडबड करायची.

ऑपरेशनच्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेलो. दुपारी आतून नर्स बाहेर आली आणि तिने मुक्तापुढे बर्फाचा डबा धरला. डब्यात दोन शीश्या होत्या. तयारी जुन्या बेताप्रमाणे झाली होती, बदललेलं आतल्या गडबडीत कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. एका शीशीत गाठ. दुसरीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी फिकट.

मी म्हटलं, "अगं, आपण मागितलं नाही, आपण चोरलं नाही. आपोआप आलंय. तू नाही घेतलंस तर कचऱ्यात जाईल. कुणाचं काय बिघडणार आहे?" मी हे अगदी मनापासून म्हटलं, आणि आजही मला ते तितकंसं चुकीचं वाटत नाही.

मुक्ता त्या शीशीकडे बघत राहिली. तिचा हातही पुढे झाला होता. मग ती म्हणाली, "मामा, आईला कुणी विचारलंच नाही, तिला काय हवं होतं ते मला अजून माहीत नाही. यांना काय हवंय ते मला माहीत आहे."

तिने ती शीशी परत आत नेऊन दिली. डॉक्टर कांबळे बाहेर आले, मास्क गळ्यात, आणि म्हणाले की ठीक आहे, पण मग फेकावी लागणार. ती म्हणाली, हो. ती शीशी टाकलेली कचऱ्याची पिवळी पिशवी बांधून जाळायला जाईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग पहिली शीशी घेऊन प्रयोगशाळेकडे जवळजवळ पळत गेली, कारण ताजा तुकडा वाट बघत नाही.

आठवड्याभराने तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली तो तुकडा दाखवला. म्हणजे तुकडा नव्हे, त्यातून सुटलेल्या पेशी. द्रवात तरंगत त्या एकमेकींना धरून गोल गोल गोळे करत होत्या, रव्याच्या लाडवांसारखे. मुक्ता म्हणाली की साध्या पेशींना हे जमत नाही, यांच्यात मूळ पेशी आहेत. मी दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, भिंग स्वतः जुळवून घेतलं. माझ्या बहिणीला नेणारी गोष्ट मी पहिल्यांदा बघत होतो. ती इतकी देखणी दिसायला नको होती. मला राग आला आणि मी उठलो.

त्याच दुपारी नेमीचंदजी घरी जाणार होते, म्हणून निरोप घ्यायला गेलो. डोक्याला पट्टी, चेहरा उतरलेला, वाचा होती तशीच. पण आम्ही आत शिरताच त्यांनी घीसालालजींकडे पाहिलं आणि घीसालालजींनी रुमाल काढला. या वेळी खुर्चीवर ते बसले नाहीत. त्यांनी मुक्ताला बसायला सांगितलं. मुक्ताने दुसरी शीशी परत केली एवढंच डॉक्टर कांबळ्यांनी पंकजला सांगितलं होतं आणि पंकजने वडिलांना. घीसालालजी म्हणाले, जो दिलेल्या शब्दाला जागतो त्याच्यापुढेच जवाहिरा चोखा माल मांडतो. आता तुम्हीच विचारा, बेटी.

मुक्ताने रुमालाखाली हात घातला. ती काही विचारायच्या आधीच तिचा चेहरा बदलला. तिचा सगळा हात त्या म्हाताऱ्याने घट्ट धरला होता. रुमालावरूनही दिसत होतं. पंकज आनंदाने म्हणाला, पापांनी दिलं, तो दुसरा तुकडाही घ्या.

तो कण आठवड्यापूर्वीच जळून गेला, हे सांगायला मी तोंड उघडणार होतो. मुक्ताने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी गप्प बसलो. मग तिने दुसरा हातही रुमालाखाली घातला. "बहुत बड़ी चीज़ दी आपने," ती म्हणाली. तिने त्यांचा हात दाबला. सौदा पक्का झाला.

आम्ही रिक्षात बसलो. सांगानेरच्या बाजूने रंगवलेली कापडं वाळत घातलेली दिसत होती. मी विचारलं, खरं का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "आजारी माणसाला 'उशीर झाला' हे फार जणांकडून ऐकावं लागतं, मामा. आईने किती वेळा ऐकलं. माझ्याकडून तरी त्यांनी ऐकायला नको."